चारशे सतरा नंबरच्या ठिपक्याची बहीण

आधी एक सांगून ठेवते. पुण्यात दोन वर्षं मी 'मला' अन् 'तुला' करत काढली. पहिल्याच आठवड्यात वर्गात "मले समजलं नाही" म्हणलं, तं मागच्या बाकावरचे दोघं हसले, अन् त्यातल्या एकानं मले महिनाभर "काय गं मले" अशी हाक मारली. तवापासून मी तोंड सांभाळून राह्यली. आता डिग्री झाली, मार्क आले, कोणाच्या बापाची भीती नाही. आता मी माह्या बोलीत बोलणार, पटत नसन तं उठून जा.

माहं नाव पुष्पांजली. गाव पिंपळगाव राजा, तालुका खामगाव. एम.एस्सी. कशात केलं असं कोणी विचारलं का मी जरा थांबते, कारण उत्तर ऐकून माणूस चहाच्या कपात पाहायले लागते. गुंतागुंतीच्या व्यवस्थांचं मॉडेलिंग. मामा तं अजूनही लोकाईले सांगते, "आमची भाची कॉम्प्युटरचं काहीतरी करते."

सोपं हाये हो. चौकात गाड्याईचा गुंता कोण करते? कोणीच करत नाही. जो तो आपली गाडी दोन बोटं पुढं घेते, बस. अन् सगळ्याईचं मिळून असं काही होऊन बसते का जे कोणीच ठरवलं नव्हतं. आमचं काम एवढंच. कॉम्प्युटरमध्ये हजारेक ठिपके सोडायचे, एक ठिपका म्हणजे एक माणूस. प्रत्येकाले दोनचार नियम द्यायचे, अन् मंग पाहत बसायचं का पुढं काय होते. एकदा नाही, पाचशेदा पाहायचं. कारण एकदा झालं ते नशीब, पाचशेदा झालं तं समजायचं का व्यवस्थाच तशी हाये.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टले कोणी मुंग्या घेतल्या, कोणी शेअर बाजार घेतला. मी लग्न घेतलं. आमच्याकडच्या पोराईचं लग्न काऊन जमत नाही, हा माहा विषय. गाईड सर खूश झाले. म्हणाले, "अगदी नवीन आहे, डेटा कुठून आणशील?" मी मनात म्हणलं, डेटा घरी बसला हाये, चौतीस वर्षांचा.

राजकुमार, माहा मोठा भाऊ. बी.ए. झालेला, शेती करते, दारू नाही, गुटखा नाही, कोणाच्या भानगडीत नाही. सात वर्षं झाली पोरगी पाहून राह्यलो आम्ही. पहिले पहिले तो पोहे खायले हौसेनं जाये, नवीन शर्ट घाले. मंग मंग पोहे पण बंद झाले. फोटो जाये मोबाईलवर, निळ्या खुणा दिसत, अन् पुढं काहीच नाही. तीस झाल्यावर त्यानं मिशी काढली. बत्तिसाव्या वर्षी केसं रंगवायले लागला. गावात त्याच्यासारखे एकोणतीस जण होते, मी मोजले. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर उभे राहत अन् एकमेकाईले नवरदेव म्हणून चिडवत. हसत सगळे, पण हसणं पाहवत नव्हतं.

मले पुण्याले सोडायले तोच आला होता. ट्रॅव्हल्समध्ये सीट एकच भेटली, ती मले दिली, अन् स्वतः ड्रायव्हरच्या मागं पेटीवर बसून आला. बाबा मले पाठवायले तयार नव्हते. दादा त्याईले एवढंच म्हणला होता, "माहं तं काही होऊन नाही राह्यलं, तिचं तं होऊ द्या." हे विसरता येत नाही, म्हणून आधीच सांगितलं.

अन् एक काजल. माही लहान बहीण, एकोणीसची. खामगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाले होती, रोज एसटीनं जाणं येणं. तिले सूक्ष्मदर्शकाचं येड. नाल्याचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेई अन् मले फोटो पाठवे, का ताई, पाह्य यात केवढं गाव हाये. बी.एस्सी.ची तीन वर्षं झाली का तीही पुण्याले येणार, माह्याच रूमवर राहणार, असं आमचं दोघीईचं पक्कं होतं.

तं डेटा. आमच्या समाजाचा उपवर परिचय मेळावा दरवर्षी खामगावात होते. त्याची पुस्तिका निघते. जाडजूड, फोटोसकट. त्या वर्षीच्या पुस्तिकेत पोरं आठशे बारा, अन् पोरी एकशे एकेचाळीस. सगळी पुस्तिका मी हातानं कॉम्प्युटरात भरली. वय, उंची, शिक्षण, नोकरी, शेती, अपेक्षा. शेतीचा तं तमाशाच. बापाची दहा एकर असली अन् तीन भाऊ असले, तं तिघंही आपापल्या पानावर दहा दहा एकर लिहितेत. सगळ्याईची बेरीज केली तं खामगाव तालुका पार अकोल्याच्या पलीकडं जाये. मी ते खोटेपण धरून नियम लिहिले. पोरीवाल्याईच्या अपेक्षा मात्र एकदम साफ. शेती असावी, पण मुलगा नोकरीवर असावा. शंभरातल्या नव्वद पानाईवर हेच.

दादा पुस्तिकेत चारशे सतरा नंबरले होता. म्हणून मॉडेलमध्ये पण चारशे सतरा. अन् त्याच पुस्तिकेत पोरीच्या भागात मी पण होती. बाबानं मले न विचारता माहा बायोडाटा देऊन टाकला होता. मी भांडली, तीन दिवस जेवली नाही, मंग सोडून दिलं. ठरलं एवढं का डिग्री हाती येईस्तोवर कोणी मले पाहायले येणार नाही. बाबा "बरं" म्हणाले होते. ही डिग्री मले पाह्यजे होती. तिच्यावाचून मी आमच्या गावात फक्त एक लग्नाची पोरगी होती, अन् ती मले व्हायचं नव्हतं.

काजलचं नाव पुस्तिकेत नव्हतं. ती लहान होती.

त्या दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन घरी गेली. अन् जो काही गाढवपणा मी केला, तो तिथं केला. दुसऱ्या कोणाले बोल लावता येत नाही, म्हणून जास्त आग होते.

दुपारची वेळ. कडूबा मामा आला होता. कडूबा मामा म्हणजे आईचा भाऊ, तालुक्यातल्या अर्ध्या सोयरिकी त्याच्या मोबाईलमध्ये. बाबा बाजेवर बसले होते, माही आई कोकिळाबाई खाली कापसाच्या बोंडाईतला कचरा निवडत होती, काजल दारात होती, अन् दादा नुकता वावरातून जेवायले आला होता. बाबानं विचारलं, "काय करतं बापा तू दिवसभर त्या डब्यात?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. एरवी फोनवर एकच, जेवण बरं भेटते का. मले एवढं भरून आलं का मी लॅपटॉप उचलून त्याईच्या समोर स्टुलावर ठेवला.

दाखवलं. निळे ठिपके पोरं, गुलाबी ठिपके पोरी. सुरू केलं का ठिपके हलतेत, जुळते ते बाजूले होतेत, उरते ते उरतेत. दहा वर्षं दहा सेकंदात. मामा पुढं सरकून बसला. आई निवडणं थांबवून पाहायले लागली.

"यात आपला राजकुमार कुठसा?" बाबानं विचारलं.

मी चारशे सतरा पिवळा करून दाखवला. पाचशेदा चालवलं. खाली आकडा आला, अकरा. पाचशे वेळात अकरा वेळा दादाचं लग्न झालं.

दादा ताटातच हात धुवून उठला. "पंपाची लाइन आली असन, हरभऱ्याले पाणी लावतो," असं म्हणून गेला. लाइन यायले अजून दोन तास होते. तिथं तरी मी बंद करायले पाह्यजे होतं ना? नाही केलं. कारण बाबा पुढं वाकले अन् म्हणाले, "काय बदललं तं हा आकडा वाढते?"

हा प्रश्न माह्या सराईनं मले विचारायले चार महिने लावले होते. माह्या बापानं पाच मिनिटात विचारला. मी तं हवेतच गेली. भराभर दाखवायले लागली. हे पाहा बाबा, दहा एकर जास्त दिली, चौदा. घरावर दुसरा मजला चढवला, सतरा. खामगावात कंत्राटावर का होईना नोकरी लावली, दोनशे चाळीस.

"नोकरी आता कोण देते त्याले?" मामा म्हणला. "दुसरं काही?"

दुसरं होतं. पुस्तिकेतल्या घराईले मी फोन केले होते, तेव्हा पुस्तिकेत छापत नाहीत ते लोक फोनवर सांगत. "ताई, साटंलोटं असन तं आमची तयारी हाये." म्हणजे तुमची पोरगी आमच्या पोराले, आमची पोरगी तुमच्या पोराले, एका मांडवात दोन लग्नं. बिननोकरीच्या पोराईच्या घराईतून हे इतक्या वेळा ऐकलं का मी त्याचा एक नियम लिहून ठेवला होता. अभ्यासासाठी. प्रबंधात एक प्रकरण चांगलं होईन म्हणून. तो नियम चालू करायचं एक बटण होतं, अन् मी ते दाबलं.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.

मामानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साटंलोटं म्हणजे त्यात बहीण कोणती धरली तू?"

पुस्तिकेत असलेलीच धरणार ना मी. "मी," म्हणली. हसून म्हणली, तेही सांगते. एका मॉडेलची गोष्ट होती ती माह्यासाठी.

बाबा हसले नाही. त्याईनं मामाकडं पाह्यलं, मामानं त्याईच्याकडं पाह्यलं, अन् आईनं खाली मान घालून परत कचरा निवडायले घेतला.

डिसेंबर संपायच्या आत मामानं स्थळ आणलं. जळगाव जामोदकडचं. पोरगी वंदना, सव्वीसची, एम.ए. बी.एड., सावळी, हुशार. तिले शेतकरी चालते. तिचा भाऊ गोपाल, तेहेतीसचा, शेती अन् मळणीयंत्र. अट एकच, दोन्ही लग्नं सोबत, वैशाखात. माही तोंडी परीक्षा जूनमध्ये होती. गोपालच्या घरी सून आली का पुण्याले जाणार नव्हती, हे त्याईनं लपवलं नाही. सरळ माणसं होती, त्याईच्यावर रागवायले पण जागा नव्हती.

मी पुण्याहून आली अन् बाबाईशी भांडली. "डिग्रीपर्यंत कोणी येणार नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," बाबा म्हणाले. "तवा हा आकडा माहीत नव्हता."

"बाबा, तो अंदाज हाये. मॉडेल हाये ते. खरं नाही."

"हवामान खात्याचा पण अंदाजच असते. त्याच्यावरच पेरतो ना आम्ही? अन् हा तं तूच काढला. पाचशात तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी नाही सांगितलं, तू सांगितलं."

दोन वर्षं मी हेच शिकली होती का आकडा आला का आकड्याचं ऐकायचं. बाप माहा सातवी शिकला, पण माह्या सगळ्या वर्गापेक्षा माहं मॉडेल त्याले जास्त समजलं होतं. मी चप्पल घातली अन् वावराकडं निघाली. दादाले गाठायचं होतं. दादा म्हणाला असता ना, का पुष्पाले मधात आणू नका, तं संपलं असतं सगळं.

दादा हरभऱ्यात पाइप बदलत होता. मले पाहून धुऱ्यावर, बांधावर, येऊन बसला. मंग तोच बोलला.

"वंदनाशी बोललो मी फोनवर. दोनदा." पायाचा चिखल काडीनं काढायले लागला. "सात वर्षांत पहिल्यांदा कोण्या पोरीनं मले विचारलं का तुम्हाले काय आवडते. मले सांगताच नाही आलं."

"दादा, तू त्याईले सांग का पुष्पाले सोडा."

त्यानं माह्याकडं पाह्यलं नाही. "पुष्पा, मी तुले जाय म्हणणार नाही. कधीच नाही म्हणणार. पण नको जाऊ, हेही माह्याच्यानं म्हणवत नाही. मी चौतीसचा हो." मंग उठला अन् पाण्यात उतरला. मले त्याचा इतका राग आला, अन् त्याच्यासाठी इतकं वाईट वाटलं, का दोन्ही एकाच जागी मावत नव्हतं. त्याच दिवशी मी पुण्याची गाडी धरली.

सराईले मी साटंलोट्याचा निकाल दाखवला. घरचं काहीच सांगितलं नाही. सर खुर्चीतून उठले. एक नियम टाकला अन् सगळं चित्र पालटलं, असं सहसा होत नाही म्हणाले. मंग आलेख पाहता पाहता सहज विचारलं, "तुझ्या मॉडेलमध्ये बहीण नाही म्हणू शकते का?"

नव्हती म्हणू शकत. मी तो नियम काढून टाकला होता अशातला भाग नाही. मले तो सुचलाच नव्हता. इतके महिने मी पोराईले नियम दिले, बापाईले दिले, मामाईले दिले, अन् बहिणीले नुसता एक घरचा आकडा करून ठेवलं. अन् ती बहीण मीच होती. आपल्याच हातानं आपल्याले कोणी असं लिहिते का? मले तिथल्या तिथं रडू आलं. सराईले वाटलं, काम वाढलं म्हणून रडते. म्हणाले, "अगं दोन आठवड्यांचं काम आहे."

दोन दिवसात केलं. प्रत्येक बहिणीच्या ठिपक्याले नकार द्यायचा नियम दिला. साटंलोटं धाडकन निम्म्यावर आलं. सर म्हणाले, हेच तुझं मुख्य प्रकरण. अन् त्याच संध्याकाळी मी घरी फोन लावला. बाबाईनं उचलला. मी म्हणली, "मी नाही करणार. पाह्यजे तं मले घरात घेऊ नका. पण मी नाही करणार."

"बरं," बाबा म्हणाले, अन् फोन ठेवला.

एवढं सोपं होतं? मी रूमखालच्या जिन्यात बसून हसली, खरं सांगते. वाटलं, जिंकली. तीन आठवडे घरून फोन आला नाही. मले वाटलं रुसले असन, होतीन शांत. मी प्रकरण लिहून काढलं, सराईनं सही केली, प्रबंध छपाईले गेला.

मंग आईचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "पुष्पा, तारीख धरली वो बाई. दोन्ही लग्नाची."

"दोन्ही? कोणाचं?"

"काजल तयार झाली."

तयार झाली. हा शब्द आमच्याकडं कैरीसाठी वापरतेत, कापसासाठी वापरतेत, अन् पोरीसाठी वापरतेत.

मी सकाळी पिंपळगावात उतरली ते थेट बाबाईवर गेली. काय काय बोलली ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. बाबा ऐकत राह्यले. शेवटी म्हणाले, "तुले नाही म्हणायचं होतं, तू म्हणली. मी जबरदस्ती केली का? तिलेही केली नाही. विचार तिले." मामा पण येऊन बसला होता, तो म्हणला, "ती कायद्यानं सज्ञान हाये." याले म्हणतेत आग लावून कायदा सांगणं.

काजल गच्चीवर तुरीच्या शेंगा वाळवत होती. मी तिचा हात धरला. "चाल. आत्ताच्या आत्ता चाल माह्यासोबत. बॅग पण नको घेऊ."

तिनं हात सोडवला, पण हळूच. "अन् मंग दादाचं?"

"दादाचं दादा पाहीन."

"तू पुण्यात होती ताई. तू नाही म्हणली अन् फोन ठेवला. इथं दादा जेवत नव्हता. आई देवापुढं बसून राहे, पण हात जोडत नव्हती, नुसती बसे. बाबा कोणाशीच बोलत नव्हते. तुले दिसलं नाही. मले रोज दिसे, सकाळच्या एसटीच्या आधी अन् संध्याकाळच्या एसटीच्या नंतर." शेंगा पसरवता पसरवता बोलत होती, रडत पण नव्हती. "तू नाही म्हणू शकली, कारण तुह्यामागं मी होती. माह्यामागं कोण हाये?"

मी खाली बसून तिच्यासोबत शेंगा पसरवायले लागली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुह्या त्या ठिपक्याईत मी कोणत्या नंबरले हाये?"

"तू नाही त्यात."

"काऊन?"

"पुस्तिकेत तुहं नाव नव्हतं. मी पुस्तिकेतलेच घेतले."

"असं होय," ती म्हणली, अन् खाली जाऊन माह्यासाठी चहा ठेवला.

मले तवा कळलं का मी काय चुकली. आमच्याकडं पोरीचं नाव पुस्तिकेत छापायची गरजच कुठं हाये? पोराले छापा लागते, कारण पोरगं उरते. पोरगी कॉलेजात असते, एसटीत असते, गच्चीवर असते. कोणी विचारलं का घरातून काढून देतेत. एकशे एकेचाळीस छापलेल्या, अन् न छापलेल्या किती ते कोणालेच माहीत नाही. हे पुण्याच्या सराईले माहीत नसणं समजू शकते. मी तं त्याच घरात वाढली. माही बहीण माह्या बाजूले झोपत होती अन् मी तिले मोजली नाही.

लग्नं झाली. एकाच मांडवात, वैशाखाच्या उन्हात. काजलचे पेपर त्याच आठवड्यात होते, तीन दिले, उरलेले पुढच्या वर्षी देईन म्हणे. गोपाल वाईट नाही. मेहंदीच्या हातानं पाण्याचा गिलास धरता येईना, तं त्यानंच तिले पाणी पाजलं. वंदना वहिनी आता आमच्या घरी हाये, अन् दादा हसते, आधीसारखं नाही, खरं हसते. त्याले तसं हसताना पाहून मले आनंद होते, अन् त्या आनंदाची मले लाज वाटते. दादा पाठवणीच्या वेळी काजलच्या पुढं उभा राह्यला. तिनंच त्याचा फेटा सरळ केला.

पुण्याले परत आल्यावर मी एका दुपारी मॉडेल उघडलं. एक नियम वाढवला. मोठ्या बहिणीनं नाही म्हणलं, तं घर दुसऱ्या बहिणीले विचारते. छापलेली असो का नसो. पाचशेदा चालवलं. निम्म्यावर आलेलं साटंलोटं पुन्हा चढलं, जवळजवळ होतं तिथं जाऊन बसलं. म्हणजे माहं मुख्य प्रकरण चूक होतं. नकारानं काहीच थांबत नव्हतं, नुसती पोरगी बदलत होती.

तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर होती. हे सराईले सांगितलं असतं तं प्रबंध परत घ्यावा लागला असता, पुन्हा लिहावा लागला असता, सहा महिने गेले असते. सहा महिने घरी. बाबाईनं आता दुसरं स्थळ पाहायले किती वेळ लावला असता? मी फाइल बंद केली. सेव्ह करायचं का असं कॉम्प्युटरनं विचारलं. नाही म्हणलं.

परीक्षेले बाहेरून एक परीक्षक आले होते. मोठे माणूस, शांत, पांढरी दाढी. त्याईनं प्रबंध खरंच वाचला होता, पानापानावर खुणा होत्या. नकाराच्या प्रकरणावर येऊन थांबले. म्हणाले, "हे मला फार आवडलं. आशादायक आहे. एकच विचारतो. मुलीनं नाही म्हटलं, की त्यानंतर त्या घरात काय होतं?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. गाईड सर माह्याकडं पाहून हसत होते, का सोपा प्रश्न हाये. मले काजलचा आवाज ऐकू आला नाही, कोणाचाच नाही. मले फक्त एवढंच दिसत होतं का ही शेवटची दहा मिनिटं हायेत.

"काही होत नाही सर," मी एकदम शुद्ध बोलली. "सोयरीक मोडते. बाकी काही होत नाही."

त्याईनं मान हलवली अन् कागदावर काहीतरी लिहिलं. वर्गात सगळ्याईत जास्त मार्क मले.

संध्याकाळी काजलचा फोन आला. मागं भांड्याईचा आवाज, कोणीतरी तिले हाक मारून राह्यलं होतं, अन् ती "आली, आली" म्हणत होती. मंग घाईघाईनं मले विचारलं, "झालं का ताई? पास झाली ना?"

"हाव," मी म्हणली. "पहिली आली."

"बरं झालं बाई," ती म्हणली. "नाही तं माहंही वाया गेलं असतं."